जित्या यंत्राचे सुतक

दिवाळी अंकात सुतकाचा विषय काढू नये, हा संकेत मलाही ठाऊक आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचकाने काही हलकेफुलके वाचावे, एखाद्या कथेपाशी फार तर डोळ्यांच्या कडा ओलावाव्यात आणि पान उलटून राशिभविष्याकडे वळावे, अशी या अंकांची जुनी रीत. पण माझ्या घरात एक यंत्र धडधाकट चालू असताना मला त्याचे सुतक पाळायला सांगण्यात येत आहे, आणि सांगणारे एकटेदुकटे नाहीत. दुकानदार सांगतो, कंपनीचे पत्रक सांगते, आणि संगणकाच्या धंद्यात असलेला माझा भाचा तर चहाच्या प्रत्येक कपागणिक सांगतो, "मामा, तुमचं हे मशीन आता सपोर्टेड नाही." हे वाक्य तो ज्या आवाजात उच्चारतो, त्या आवाजात पूर्वी वैद्यबुवा घरच्या मंडळींना बाजूला घेऊन 'आता कळवायचे त्यांना कळवून टाका' असे सांगत.

या मर्तिकाविरुद्ध मला आज भांडायचे आहे.

आधी मयताची ओळख करून देतो. २०१२ साली घेतलेला हा संगणक. त्याच्यावर मी गाण्यांना साज चढवतो. शाळेच्या स्नेहसंमेलनातली गाणी, एखाद्या बालनाट्याचे पार्श्वसंगीत, भजनी मंडळाचे अभंग, असला माझा घरगुती कारखाना आहे. ज्यांच्या घरी हा उद्योग नाही त्यांच्यासाठी सांगतो. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवाजाला पडद्यावर स्वतंत्र पट्टी असते. गाणारणीचा गळा एका पट्टीवर, तबला दुसरीवर, पेटी तिसरीवर. हवी ती पट्टी मोठी करावी, हवी ती दाबावी, एखादा सूर चुकला तर तेवढाच उचलून जागेवर ठेवावा. शिवाय या घरात बाहेरची बिऱ्हाडे असतात. त्यांना प्लग-इन म्हणतात. कुणी व्हायोलिनचा ताफा, कुणी पेटी, कुणी गाभाऱ्यासारखा घुमारा. ही वाद्ये डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचे पैसे मात्र दिसणाऱ्या वाद्यांइतकेच मोजावे लागतात.

हे सगळे त्या यंत्रावर आजही चालते. मग संपले काय? तर म्हणे 'सपोर्ट' संपला. या शब्दाचा सरळ अर्थ एवढाच, की कंपनी यापुढे या यंत्राची डागडुजी करणार नाही. ठीक आहे, नका करू. लग्न लावून देणाऱ्या भटजीने जन्मभर संसार सांभाळावा, अशी कुणाची अपेक्षा नसते. पण भटजीने दहा वर्षांनी येऊन 'माझी जबाबदारी संपली, सबब तुमचे लग्नही मोडले' असे म्हटले तर? संगणकाच्या दुनियेत आज नेमके हेच चालले आहे. डागडुजीची मुदत संपली, की नव्या सॉफ्टवेअरचे दार बंद. नव्याचे दार बंद झाले, की जुन्याचा परवाना बंद. आणि शेवटी स्वतः केलेले काम उघडायचीही पंचाईत.

१४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस आठवा. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला. आठवड्याभरात दिवाळी होती. घरोघर आकाशकंदील टांगले जात असताना जगभरचे कोट्यवधी चालते संगणक एका रात्रीत 'आधारहीन' झाले. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना सुरक्षेपुरती वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, हे खरे. पण विंडोज ११ वर जायचे तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सोय हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय. बँकेच्या संगणकात ती जरूर असावी. पण त्या किल्ल्यांचा आणि यमनातल्या तीव्र मध्यमाचा संबंध काय, हे मला कुणीतरी समजावून सांगावे. भाच्याला विचारले, तर तो म्हणाला, "मामा, तसं नसतं ते." कसे असते ते मात्र त्याने सांगितले नाही.

संगीताला संगणकाकडून काय लागते, ते एकदा हिशेबाने पाहू या. सीडीसाठी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे, असे १९८० च्या सुमारास ठरले. ते का ठरले? माणसाच्या कानाला सेकंदाला वीसेक हजार कंपनांपलीकडचे ऐकू येत नाही, आणि तेवढे पकडायला त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने पुरतात. त्यानंतर संगणकाच्या किती पिढ्या झाल्या त्याची गणती नाही. कानाची एकही झाली नाही! दुसरी अडचण उशिराची. गाणारा गातो, संगणक तो आवाज एका टोपलीत साठवतो, टोपली भरली की पुढे ढकलतो. टोपली २५६ नमुन्यांची असेल तर ती भरायला लागतात ५.८ मिलिसेकंद. हवेतून आवाज तेवढ्या वेळात दोन मीटर जातो. म्हणजे तबलजी माझ्यापासून दोन मीटरवर बसला तर त्याचा ठेका माझ्या कानी पडायला जो वेळ लागेल, तोच हा. येण्याची आणि जाण्याची, दोन्ही खेपा धरल्या तरी आपण घरच्या बैठकीच्या खोलीबाहेर जात नाही. माझे मढे ठरवलेले यंत्र हे काम सवंगपणे करते. पंधरा-वीस पट्ट्या एकदम वाजत असताना त्याचा पंखा जरा घरघरतो खरा. पण या वयात माझाही श्वास जिन्यावर घरघरतो, म्हणून मला कुणी अजून अनसपोर्टेड म्हटलेले नाही. निदान तोंडावर तरी नाही.

बरे, नव्याची कास धरणाऱ्यांचे तरी भले झाले आहे काय? या धंद्याचा इतिहास पाहा. कॅलिफोर्नियाची ऑपकोड ही कंपनी. सूर लिहून ठेवणे आणि प्रत्यक्ष आवाज मुद्रित करणे या दोन्ही गोष्टी एकाच खिडकीत आणणारे 'स्टुडिओ व्हिजन' तिने १९९० साली काढले. आज प्रत्येक संगीत-सॉफ्टवेअर त्याच वाटेने चालते. १९९८ मध्ये गिटारी बनवणाऱ्या गिब्सनने ती कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिचे काम थंडावले. ज्यांच्या वर्षानुवर्षांच्या चाली त्यात होत्या, त्यांनी काय करावे? पुढे हीच गिब्सन 'केकवॉक'ची मालकीण झाली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिने त्याचेही काम थांबवले. वाचले ते सिंगापूरच्या बँडलॅबने २०१८ साली ते उचलले म्हणून. एकाच घराण्याच्या हाताला दोनदा यश आले, असे म्हणायचे!

त्याहून नामी कथा 'लॉजिक'ची. जर्मनीच्या इमॅजिक कंपनीचे हे सॉफ्टवेअर विंडोजवरही चाले आणि अॅपलच्या मॅकवरही. जुलै २००२ मध्ये अॅपलने इमॅजिक विकत घेतली आणि जाहीर केले, की विंडोजची आवृत्ती ३० सप्टेंबरनंतर मिळणार नाही. तीन महिने! आपल्याकडे भाडेकरूला घराबाहेर काढायला तीन पिढ्या लागतात, आणि इथे हजारो संगीतकारांचे बिऱ्हाड तीन महिन्यांत रस्त्यावर. त्यांच्या यंत्रात काही बिघाड झाला होता का? मुळीच नाही. मालक बदलला होता, एवढेच. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये अॅपलने 'कॅटालिना' ही प्रणाली आणली आणि ३२-बिटी म्हणून ओळखली जाणारी सगळी जुनी सॉफ्टवेअरे एका फटक्यात बाद केली. इशारे आधीपासून दिले होते, हे कबूल. पण विंडोजच्या ६४-बिटी प्रणालीत ती जुनी मंडळी त्यानंतरही नांदत राहिली. तेव्हा ही देवाघरची आज्ञा नव्हती. एका कंपनीने आपल्या सोयीने घेतलेला तो निर्णय होता.

आणि माझ्या म्हणण्याचा जिवंत पुरावा हवा असेल, तर 'ओपनकोर लेगसी पॅचर' पाहा. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. काही हौशी, जाणत्या लोकांनी हे अवजार २०२१ पासून फुकट देऊ केले. कंपनीने जुन्या मॅकला नव्या प्रणालीचे दार लावून घेतले असेल, तर हे अवजार संगणक सुरू होतानाच मध्ये उभे राहते, दाराशी त्या म्हाताऱ्याची बाजू सावरते आणि त्याला आत घेते. कंपनीने काढून टाकलेले ड्रायव्हर, म्हणजे यंत्राच्या अवयवांशी बोलणारे दुभाषे, पुन्हा आणून बसवते. 'लॉजिक'ची अकरावी आवृत्ती २०२४ च्या मे महिन्यात निघाली. तिला 'व्हेंचुरा' ही प्रणाली हवी आणि ती प्रणाली २०१५ च्या मॅकबुक प्रोला कंपनीने नाकारलेली. पॅचर वापरणाऱ्यांच्या त्याच मॅकबुकवर ती प्रणालीही चालते आणि लॉजिकही चालते. यंत्रही त्याच कंपनीचे, प्रणालीही तिचीच, सॉफ्टवेअरही पैसे देऊन घेतलेले. मग 'हे यंत्र चालवू शकत नाही' या विधानातले 'शकत' कुठे गेले? गाण्यातून गळा आणि वाद्ये वेगळी करणारे एखादे नवे अवजार नव्या चिपेवरच चालते, ते मला मान्य. ते सोडून द्या आणि बाकीचे आम्हांला वाजवू द्या, एवढेच म्हणणे आहे. पॅचरने यंत्राच्या संरक्षणाची एक कडी सैल करावी लागते आणि प्रणाली बदलली की डागडुजी पुन्हा करावी लागते, हेही सांगून ठेवतो; नाहीतर उद्या कुणी हा अंक घेऊन माझ्या दाराशी यायचा.

भाच्याचा हुकमी एक्का सुरक्षेचा असतो. "जुन्या सिस्टीमला व्हायरस लागतात, मामा." अरे, लागतात ते घराबाहेर हिंडणाऱ्याला! माझ्या यंत्राला मी इंटरनेटची तार लावतच नाही. पत्रे लिहायला आणि विजेचे बिल भरायला घरात दुसरा संगणक आहे. तानपुऱ्याला कधी व्हायरस लागलेला कुणी ऐकला आहे? वाद्य म्हणून बसवलेल्या यंत्राने जगाच्या उठाठेवी करायच्याच नसतात.

दुसरा एक्का खर्चाचा. कंपनीने जुन्या गिऱ्हाइकांसाठी किती दिवस माणसे पोसावीत? हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पंधरा वर्षांपूर्वीचे काम जागते ठेवायला पगारी माणूस लागतो आणि तो पगार कुणाच्या तरी खिशातून जातो. पण इच्छा असेल तर मार्ग निघतो. 'रीपर' नावाच्या सॉफ्टवेअरची कंपनी चिमुकली, आणि तरी तिने विंडोज एक्सपीसारख्या निकालात निघालेल्या प्रणालीवर चालेल अशी आवृत्ती वर्षानुवर्षे सांभाळली. 'आर्डर' हे तर लिनक्सवर वाढलेले, मूळ मजकुरासकट खुले असलेले सॉफ्टवेअर. उद्या त्याचे कर्ते दमले तरी दुसरा कुणी ते हाती घेऊ शकतो. आणि जे सांभाळू शकत नाहीत, त्यांच्याकडे मी सांभाळणे मागतच नाही. मी किल्ली मागतो.

किल्लीचे प्रकरण माझ्या घरातले आहे. माझ्या थोरल्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी २०१० साली मुद्रित करून ठेवल्या. तेव्हा ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. जाते नव्हतेच, नुसता हात फिरवीत ती गात होती. गाता गाता तिचा सूर हळूहळू चढत जाई. पहिल्या ओवीचा षड्ज आणि अकराव्या ओवीचा षड्ज यांच्यात जवळजवळ अर्ध्या सुराचा फरक. खऱ्या पेटीने तिची साथ करणे अशक्य; पेटीच्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत. म्हणून पुढे मी पैसे मोजून पेटीचे एक प्लग-इन घेतले आणि दोन महिने बसून तिच्या गळ्याबरोबर त्या पेटीचा प्रत्येक सूर केसाकेसाने वर सरकवला. आत्या त्यानंतर वर्षभरात गेली. काही वर्षांनी यंत्रातली डिस्क बदलली. नव्या डिस्कवर पेटी सुरू करायला गेलो, तर ती कंपनीच्या दाराशी जाऊन 'हा आमचाच गिऱ्हाईक' असा दाखला आण म्हणते, आणि दाखल्याची खिडकी कंपनीने कायमची बंद केलेली. पावती दाखवून पत्र लिहिले. उत्तर आले: ते उत्पादन बंद झाले आहे, नवे सवलतीत घ्या, मात्र ते नव्या प्रणालीवरच चालते. नव्या पेटीचे सूर वेगळे, रचना वेगळी. माझे दोन महिन्यांचे काम तिला वाचताच येत नाही.

जुनी डिस्क पुन्हा बसवली. तिच्यावर ती पेटी अजून वाजते, आणि फक्त तिथेच वाजते. "एकत्र छापून फाइल करून ठेवा ना!" असे भाचा म्हणतो. ती पहिल्या दिवशीच केली. पण आता आत्याची पणती त्या ओव्या शिकते आहे. तिला साथ खालच्या पट्टीत हवी, दोन ओव्यांमध्ये श्वास घ्यायला जागा हवी. छापलेल्या फाइलमधून ती कुठून काढू? फोटोतल्या माणसाला 'जरा सरकून बस' म्हणता येत नाही.

तेव्हा कंपन्यांकडे मागणे असे. आधार काढायचा तर खुशाल काढा, पण जाताना दाखल्याची अट उठवून जा. ज्याने पैसे भरले त्याला ते सॉफ्टवेअर कुठल्याही यंत्रावर, कुणाला न विचारता सुरू करता यावे अशी शेवटची आवृत्ती देऊन जा. आणि आमचे काम ज्या लिपीत तुम्ही साठवले, त्या लिपीची बाराखडी छापून मोकळे व्हा. यात तुमचा एक पैसा बुडत नाही. जे तुम्ही विकतच नाही त्याचा धंदा तो काय बुडणार?

हे अशक्य नाही, याला साक्ष मिडीची. १९८३ साली रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या पुढाकाराने एक सामाईक भाषा ठरली: कुठला सूर, किती जोराने दाबला, केव्हा सोडला. जोराला ० ते १२७ आकडे, आणि पाच पिनांची साधी वायर. तिच्यावर कुणी मालकी सांगितली नाही. अटारी एसटी नावाच्या १९८५ च्या संगणकाला ही वायर जोडायची सोय जन्मतःच होती. अटारीने संगणक बनवणे सोडल्यावरही कित्येक संगीतकार वर्षानुवर्षे त्याच्यावरच काम करीत राहिले. १९८३ चा सिंथेसायझर आजच्या संगणकाशी त्या भाषेत अजून बोलतो. काकेहाशी आणि स्मिथ यांना २०१३ साली ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. एखाद्या वाद्याचा आधार काढून घेतल्याबद्दल अजून कुणाला मिळालेला ऐकिवात नाही.

वाद्यावर वरून बंदी येण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला मज्जाव केला आणि १९७१ पर्यंत तो टिकला. गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्या प्रांताने ऐकली, त्या प्रांतात! तरी देवळात, नाटकात, भजनात पेटी वाजतच राहिली, आणि अखेर रेडिओलाच दार किलकिले करावे लागले. पण त्या बंदीला निदान संगीताचे कारण होते. पेटीत मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हा वाद सुरांचा होता. पटो न पटो, त्यावर मैफलीत भांडता येत होते. माझ्या संगणकावरच्या बंदीत सूर कुठे आहे ते दाखवा. मिरजेच्या तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिराकडे आजोबांचा तानपुरा नेला तर तो जवारी लावून देतो, फुटलेला भोपळा सांधतो. 'हे मॉडेल बंद झाले' असे तो म्हणत नाही.

दिवाळीची साफसफाई घरोघर निघाली आहे, म्हणून जाता जाता एक सांगतो. माळ्यावरचा जुना संगणक भंगारवाल्याला घालण्यापूर्वी त्यात कुणी गाऊन, वाजवून ठेवले आहे का, ते पाहा. असेल तर प्रत्येक पट्टी वेगवेगळी छापून घ्या, सूर मिडीच्या फाइलींत उतरवा, आणि मूळ सॉफ्टवेअरच्या सीड्या, पावत्या, परवान्याचे आकडे एका पाकिटात घालून त्यावर गाण्याचे नाव लिहा. आवाजाची नवी पेटी घ्यायची झाली तर दुकानदाराला विचारा, की ही वेगळ्या ड्रायव्हरशिवाय, नुसती यूएसबीला लावून चालते का. दुकानदार गडबडला तर दुसरे दुकान गाठा. आणि त्या यंत्राची इंटरनेटची तार काढून ठेवा; दिवाळीचे शुभसंदेश दुसऱ्या फोनवर वाचता येतील.